बर्फात गाडी काढायची का? आदल्या रात्रीपासून परतीपर्यंत निर्णयाचा क्रम

दार उघडलं, बाहेर सगळं पांढरं झालंय, किल्ली हातात आहे आणि आता प्रश्न पडतो: जायचं का? बर्फातल्या प्रवासाचे बहुतेक चुकीचे निर्णय याच उंबऱ्यावर होतात. बूट चढवून झालेले असतात, पलीकडे कुणीतरी वाट बघत असतं, घड्याळ पुढे सरकत असतं. अशा वेळी मन 'हो'कडेच झुकतं. मग कारणं शोधली जातात: हळू चालवू, रस्ता साफ केलाच असेल, गाडी चांगली आहे.

हा लेख बर्फात गाडी कशी चालवावी यावर नाही. गाडी काढावी की नाही हे कसं ठरवायचं, आणि निघाल्यावरही तो निर्णय उघडा कसा ठेवायचा, यावर आहे. हा प्रश्न नीट सोडवायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण ती आदल्या संध्याकाळी काढावी लागतात.

आधी एक नियम

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. प्रत्येक टप्प्याला तुम्हाला घरी बसवायचा अधिकार आहे. पुढच्या टप्प्याला मात्र मागच्या टप्प्याचा नकार खोडता येत नाही. टायर कितीही उत्तम असले तरी बंद घाट उघडत नाही.

लोक नेमकं उलट्या दिशेने जातात. सुरुवात गाडीपासून होते ('माझी फोर बाय फोर आहे'), मग स्वतःच्या अनुभवाची उजळणी, मग जमलं तर रस्त्याची चौकशी. जायची गरज आहे का, हे शेवटी येतं किंवा येतच नाही.

## टप्पा १: जायलाच हवं का? (आदल्या संध्याकाळी)

कागदावर एक वाक्य पूर्ण करा: 'उद्या मी गेलो नाही तर...' पुढे जे लिहाल ते नेमकं हवं. 'पंचाईत होईल' हे उत्तर नव्हे. 'बैठक फोनवर घ्यावी लागेल', 'तिकीट वाया जाईल', 'आईची औषधं परवा संपतात' ही उत्तरं आहेत. लिहून काढलं की लक्षात येतं, बहुतेक प्रवास एक दिवस नाही तरी चार-पाच तास सरकवता येतात. आणि बर्फाच्या बाबतीत चार-पाच तास फार असतात. तेवढ्यात पडणं थांबतं, बर्फ काढणारी वाहनं दोन फेऱ्या मारून जातात, ऊन वर येतं.

प्रवास सरकवायचा असेल तर फोन रात्रीच करा. 'सकाळी रस्ता वाईट असेल तर मी दुपारी येईन' असं आधी सांगून ठेवलं की सकाळचा नकार सोपा जातो. हा एक फोन मला गाडीतल्या कुठल्याही उपकरणापेक्षा मोलाचा वाटतो, कारण दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर जो दबाव येतो तो यानेच निम्मा होतो.

सावधान: घरात कुणी अत्यवस्थ असेल तर स्वतः गाडी काढायच्या आधी आपत्कालीन सेवेला फोन करा. कुठला रस्ता उघडा आहे हे त्यांना तुमच्याआधी कळतं, आणि तुम्ही वाटेत अडकलात तर मदतीला दोन ठिकाणी धावावं लागतं.

## टप्पा २: अंदाज वाचा, पण पूर्ण

'उद्या बर्फ आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे. अंदाजातून पाच गोष्टी काढा, आणि त्या निघायच्या ठिकाणच्याच नव्हे, वाटेतल्या सगळ्यात उंच जागेच्या आणि पोहोचायच्या ठिकाणच्याही काढा. वेळ धरायची ती निघण्यापासून परत घरी येईपर्यंतची. मी स्वतः एकदा फक्त सकाळ बघून निघालो होतो. जाताना रस्ता मोकळा होता. येताना पावणेदोन तासांच्या वाटेला सात तास लागले. संध्याकाळचा अंदाज आदल्या रात्रीपासून तिथेच होता, मी पान खाली सरकवलं नव्हतं.

काय पडणार आहे. कोरडा भुसभुशीत बर्फ त्यातल्या त्यात बरा. ओला जड बर्फ चाकाखाली दबून गुळगुळीत होतो. आणि अंदाजात गोठणारा पाऊस दिसला तर चर्चा तिथेच संपवा. हा पाऊस थेंबाच्या रूपात पडतो आणि थंड पृष्ठभागाला टेकताच गोठतो. रस्ता, पायऱ्या, काच, सगळ्यावर काचेसारखा थर चढतो. साधे हिवाळी टायर त्यावर फारसे उपयोगी पडत नाहीत. माझ्यासाठी हा बिनशर्त नकार आहे.

किती वेगाने पडणार. एकूण किती सेंटिमीटर यापेक्षा तासाला किती, हे महत्त्वाचं. दिवसभरात दहा सेंटिमीटर पडला तर रस्ता साफ होत राहतो. तासाला अडीच सेंटिमीटर किंवा जास्त पडत असेल तर बर्फ काढणारं वाहन पुन्हा त्याच जागी येईपर्यंत रस्ता परत झाकलेला असतो.

वारा. बर्फ पडायचा थांबला तरी वारा पडलेला बर्फ उचलून रस्त्यावर आणतो. उघड्या माळावर दहा मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं. अमेरिकी हवामान सेवा हिमवादळ म्हणते ते ताशी ५६ किलोमीटर किंवा जास्त वारा आणि ४०० मीटरच्या आत आलेली दृश्यमानता तीन तास टिकली तर. त्यात ताज्या बर्फाची अट नाही. जमिनीवरून उडणारा बर्फही पुरतो.

तापमान, विशेषतः शून्याच्या आसपास. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. उणे पंधरा म्हणजे भयंकर आणि शून्य म्हणजे सौम्य, असं वाटतं. घसरण्याच्या बाबतीत उलट आहे. शून्याजवळच्या बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि तोच सगळ्यात निसरडा. खूप थंडीत बर्फ कोरडा राहतो, टायरला थोडी जास्त पकड मिळते. मात्र साधं मीठ उणे ९-१० अंशांखाली फारसं काम करत नाही, म्हणून 'मीठ टाकलंय' या भरवशाला तिथे अर्थ उरत नाही.

आणखी एक: अंदाजातलं तापमान हवेचं असतं, जमिनीपासून वर मोजलेलं. निरभ्र रात्री रस्ता हवेपेक्षा थंड होतो. हवा अधिक २ किंवा ३ अंश दाखवत असताना रस्त्यावर बर्फाचा थर असू शकतो. कित्येक गाड्यांमध्ये ३-४ अंशांनाच बर्फाचं चिन्ह लागतं ते याचसाठी. ते चिन्ह दिसलं की 'अजून शून्य कुठे झालंय' म्हणू नका.

क्रम. आधी पाऊस आणि मग बर्फ, हा क्रम फसवा आहे. पावसाने आधी टाकलेलं मीठ धुऊन जातं आणि ओल्या रस्त्यावर बर्फ पडून गोठतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ३ जानेवारी २०२२ ला असंच झालं: पाऊस मीठ धुऊन नेईल म्हणून महामार्ग ९५ वर ते आधी टाकलं गेलं नव्हतं, नंतर जोराचा बर्फ आला, मालमोटारी आडव्या झाल्या आणि कित्येक माणसं गाडीत चोवीस तासांहून अधिक अडकली. तो मोठा, सपाट, रोजच्या वर्दळीचा रस्ता होता.

तपासा: सूर्यास्ताची वेळ लिहिलीत का? दुपारी वितळलेलं पाणी सूर्य मावळल्यावर गोठतं. परत यायचं असेल तर ते उजेडातच, ही अट निर्णयाच्या कागदावर लिहा.

## टप्पा ३: नेमका रस्ता डोळ्यांसमोर आणा

'रस्ता कसा आहे' याला एक उत्तर नसतं. वाट तुकड्यांत पाडा: घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत, मुख्य रस्ता, शेवटचा तुकडा. महामार्ग साफ असतो आणि माणसं घसरतात ती पहिल्या आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये, जिथे बर्फ काढणारं वाहन सगळ्यात शेवटी पोहोचतं. रस्ते विभागाची माहिती आणि रस्त्यावरचे थेट कॅमेरे असतील तर बघा, आणि चित्रावरची वेळही बघा.

प्रत्येक तुकड्यात चार जागा शोधा: पूल, चढ-उतार, सावलीतली वळणं, आणि वाऱ्याला उघडा असलेला भाग. पुलाखालून आणि वरून दोन्हीकडून थंड हवा वाहते, त्याला जमिनीची ऊब मिळत नाही, म्हणून तो इतर रस्त्याच्या आधी गोठतो. झाडीच्या किंवा डोंगराच्या सावलीत सकाळचा थर दुपारपर्यंत टिकतो.

नेहमीची चूक: मार्ग दाखवणाऱ्या अॅपचं ऐकून आडवाटेला लागणं. महामार्गावर गाड्या तुंबल्या की अॅप मोकळा रस्ता सुचवतं. तो मोकळा असतो कारण त्यावर कुणी जात नाही, आणि कुणी जात नाही कारण तो साफ केलेला नाही. तिथे अडकलात तर मागून मदत करणारी दुसरी गाडीही येत नाही. निघायच्या आधीच ठरवा: मुख्य रस्ता बंद तर परत, आडवाट नाही.

रस्ता अधिकृतपणे बंद असेल, किंवा चाकांना साखळ्या लावल्याशिवाय प्रवेश नसेल आणि तुमच्याकडे साखळ्या नसतील, तर पुढचे टप्पे वाचायची गरज नाही.

## टप्पा ४: थांबायला किती रस्ता लागतो ते एकदा बघा

गाडीकडे वळण्याआधी हे आकडे मुद्दाम ठेवले आहेत, कारण गाडीचा अभिमान इथेच उतरतो. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे टायरच्या पकडीचं माप, साधारण ०.८ असतो. दाबलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३. काचेसारख्या थरावर ०.१ किंवा त्याहून कमी. त्यावरून सपाट रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर असं येतं:

- ताशी ३० किमी: कोरड्यावर ४-५ मीटर, दाबलेल्या बर्फावर १४, थरावर ३५.
- ताशी ५० किमी: कोरड्यावर १२, दाबलेल्या बर्फावर सुमारे ४०, थरावर १०० च्या आसपास.
- ताशी ८० किमी: कोरड्यावर ३१, दाबलेल्या बर्फावर १००, थरावर २५०.

ब्रेकवर पाय जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलं नाही. दीड सेकंद लागला तर ताशी ५० ला आणखी २१ मीटर जातात.

पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवा. बर्फाच्या थरावर ताशी ३० म्हणजे कोरड्या रस्त्यावरच्या ताशी ८० इतकं लांब थांबणं. 'मी हळूच चालवतोय' असं आपण म्हणतो तेव्हा पाय हळू असतो, गाडी नसते.

आता उतार घ्या. शंभर मीटरला दहा मीटर उतरणारा रस्ता आणि त्यावर ०.१ चा थर असेल, तर गुरुत्वाकर्षण जेवढं खाली ओढतं तेवढंच टायर धरून ठेवतात. उरतं शून्य. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही, आहे त्याच वेगाने खाली जात राहते. तोच उतार दाबलेल्या बर्फावर असेल तर ताशी ५० ला ४० ऐवजी ६५ मीटर लागतात.

तपासा: तुमच्या वाटेवर असा उतार आहे का, ज्याच्या तळाशी चौक, वळण किंवा फाटक आहे? असेल तर तोच तुमचा निर्णायक तुकडा. बाकीचा रस्ता कितीही चांगला असो, प्रश्न तेवढ्याच जागेचा विचारा.

## टप्पा ५: गाडी

### टायर

चारही टायर हिवाळी हवेत. फक्त पुढे किंवा फक्त मागे लावले तर गाडीच्या एका टोकाला पकड असते आणि दुसरं टोक वळणावर सुटतं. बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह शोधा. ते बर्फावरची चाचणी पार केलेल्या टायरला मिळतं. नुसतं 'एम प्लस एस' (M+S, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ती खात्री मिळत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहतं, उन्हाळी टायरचं कडक होतं. साधारण ७ अंशांखाली हा फरक जाणवू लागतो, बर्फ असो वा नसो.

खाचांची खोली मोजा. अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण बर्फासाठी ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी संपलेला धरतो. हवा थंड टायरवर तपासा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने घटतो. शरद ऋतूत भरलेली हवा कडाक्याच्या थंडीत पाच-सहा पीएसआयने कमी भरू शकते. पकड वाढावी म्हणून मुद्दाम हवा सोडणं ही वाळूवरची युक्ती आहे, साफ केलेल्या बर्फाळ रस्त्यावर ती घातक आहे.

उन्हाळी टायर आणि रस्त्यावर बर्फ, असं असेल तर उत्तर 'नाही'. अनेक देशांत हिवाळी टायर कायद्यानेच बंधनकारक आहेत. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर ते लागतातच, कॅनडातल्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च. जिथे आहात तिथला नियम बघून घ्या.

### चारही चाकांना जोर

फोर बाय फोर किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी निघायला आणि चढायला मदत करते. थांबताना तिचा उपयोग नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांनाच असतात. तिचा खरा धोका असा की ती तुम्हाला अशा जागी सहज नेते जिथून उतरताना थांबता येत नाही. वर टप्पा ४ मधला उतार पुन्हा वाचा.

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं पूर्ण अडकू न देणारी यंत्रणा. तिच्यामुळे ब्रेक दाबूनही स्टिअरिंग हातात राहतं. पण सैल बर्फात थांबायचं अंतर त्याने वाढूही शकतं, कारण अडकलेल्या चाकासमोर बर्फाचा जो ढीग साचून गाडीला अडवतो तो एबीएसमध्ये साचत नाही.

### जमिनीपासून गाडीची उंची

बर्फाचा थर गाडीच्या पोटाला लागेल इतका खोल असेल तर गाडी त्यावर टेकते, चाकांवरचा भार कमी होतो आणि ती नुसतीच फिरतात. गाडीच्या पुस्तिकेत ही उंची दिलेली असते. ओला बर्फ त्याच्या निम्म्यावर आला तरी मी थांबतो.

### बाकीचं, भरभर

टाकी निम्म्याच्या वर. बॅटरीवर चालणारी गाडी असेल तर थंडीत तिचा पल्ला बराच घटतो, शिवाय आतली ऊब त्याच बॅटरीतून येते. वाटेतला चार्जर बंद निघाला तर काय, हे आधीच ठरवा. काच धुण्याचं पाणी न गोठणारं हवं. डिझेल हिवाळ्याचं हवं, नाहीतर त्यातलं मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो.

सावधान: गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. आणि फक्त समोर खिडकीएवढं भोक पाडून निघू नका. टपावरचा बर्फ पहिल्या जोरदार ब्रेकला पुढच्या काचेवर येतो किंवा मागच्या गाडीवर उडतो. दिवे, नंबरपाटी, कॅमेरे, रडारची जागा, सगळं झाडा. एलईडी दिवे फारसे तापत नाहीत, त्यांच्यावर बसलेला बर्फ आपोआप वितळत नाही.

## टप्पा ६: चालवणारा आणि सोबतचे

झोप झाली आहे का? बर्फात एकाग्रता दुप्पट लागते आणि वेळ दीडपट-दुप्पट. नेहमी दोन तास लागत असतील तर चार तास सलग चालवायची तयारी हवी. बर्फावर पहिल्यांदाच चालवणार असाल तर तो पहिला दिवस दूरच्या प्रवासाचा नको. रिकाम्या मैदानात अर्धा तास ब्रेक आणि वळण आजमावून घ्या.

सोबत कुणी असेल तर निघण्यापूर्वी स्पष्ट बोला: गाडीतल्या कुणीही 'परत जाऊ' म्हटलं तर परतायचं, वाद नाही. मागे बसलेला माणूस घाबरलेला असतो पण चालकाचा अपमान नको म्हणून गप्प बसतो. त्याला आधीच परवानगी दिलेली असली पाहिजे.

लहान मूल असेल तर फुगीर जाकीट घालून त्याला बालआसनात बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्क्याला जाकीट दबतं आणि पट्टा सैल पडतो. आधी बांधा, मग वरून पांघरूण घाला.

## टप्पा ७: अडकलोच तर, ही तयारी

प्रश्न असा विचारा: या गाडीत, इंजिन न लावता, एक रात्र काढता येईल का? उत्तर 'नाही' असेल तर सामान भरा किंवा जाऊ नका.

- प्रत्येकाला पांघरूण, कोरडे मोजे, हातमोजे, टोपी
- फावडं, बर्फ झाडायचा ब्रश, काच खरवडायची पट्टी
- चाकाखाली टाकायला कोरडी वाळू
- विजेरी, भरलेली पॉवर बँक, भडक रंगाचं कापड
- पाणी, न शिजवता खाता येईल असं अन्न, रोजची औषधं

फावडं डिकीत पुरून ठेवू नका. डिकीचं झाकण गोठलं तर ते हाती लागत नाही.

घरच्या किंवा पलीकडच्या एका माणसाला तीन गोष्टी कळवा: कुठल्या रस्त्याने, किती वाजता निघालो, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी सुरू करायची.

## टप्पा ८: सकाळी पुन्हा, आणि पहिले तीनशे मीटर

रात्रीचा 'हो' सकाळी आपोआप लागू होत नाही. अंदाज आणि रस्त्याची स्थिती नव्याने बघा. रात्रीचा 'नाही' मात्र सकाळच्या उन्हाकडे बघून बदलायचा नाही, जोवर अंदाजच बदललेला नसेल.

गाडी काढल्यावर जवळच्या सरळ, सपाट, रिकाम्या तुकड्यावर मागे कुणी नाही हे बघून ताशी २०-२५ ला ब्रेक नीट दाबा. गाडी किती घसरली? एबीएसची थरथर पायाला लगेच जाणवली का? अंदाजापेक्षा जास्त लांब गेली तर घर अजून तीनशे मीटरवर आहे. वळा. इथून परतणं सगळ्यात सोपं असतं, तरी फार थोडे लोक इथून परततात.

## टप्पा ९: वाटेतले परतीचे बिंदू

नकाशावर दोन-तीन जागा आधीच ठरवा जिथे थांबून पुन्हा निर्णय घेता येईल: घाट सुरू होण्याआधीचा पंप, महामार्गावरून उतरायचा फाटा. 'बघू पुढे कसं आहे' असं म्हणत गेलं की थांबायची जागा मागे राहते. बिंदू ठरलेला असेल तर तिथे गाडी थांबतेच.

यातलं काहीही दिसलं तर पुढच्या बिंदूपर्यंतही वाट बघू नका, सुरक्षित जागा मिळताच थांबा:

- समोरच्या गाडीच्या चाकांमागे उडणारं पाणी अचानक बंद झालं, पण रस्ता ओलाच दिसतोय. ते ब्लॅक आइस असू शकतं: रंगहीन थर, खालचं डांबर दिसतं म्हणून रस्ता फक्त ओला वाटतो.
- स्टिअरिंग एकदम हलकं लागतंय, टायरचा आवाज गेलाय.
- समोरच्या दोन खांबांपलीकडचं दिसत नाही.
- ठरलेल्या वेळेच्या निम्म्यात निम्मी वाट झाली नाही आणि उजेड कमी होतोय.

चालवताना क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) बंद. पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर. ब्रिटनची वाहतूक संहिता तर बर्फाळ रस्त्यावर थांबायला दसपट अंतर लागू शकतं असं सांगते. बर्फ काढणाऱ्या वाहनाच्या मागे राहा, ओलांडू नका. त्याच्या मागे रस्ता साफ आहे, पुढे नाही, आणि चालकाला बाजूचं फारसं दिसत नाही.

नेहमीची चूक: रस्त्याच्या कडेला चाकं उतरवून दिवे लावून थांबणं. दिसेनासं झालेल्या रस्त्यावर मागचे चालक दिव्यांच्या मागोमाग येतात आणि उभ्या गाडीवर आदळतात. थांबायचं तर रस्ता पूर्ण सोडून.

## टप्पा १०: अडकलात तर

गाडी सोडून चालत निघू नका. गाडी शोधणाऱ्यांना दिसते, माणूस दिसत नाही. पडणाऱ्या बर्फात शंभर मीटरवरची गाडीही परत सापडत नाही. भडक कापड खिडकीला बांधा आणि फोन करून ठिकाण सांगा.

सगळ्यात महत्त्वाची सूचना: इंजिन लावण्याआधी खाली उतरून धूर सोडणारा नळ मोकळा आहे का ते बघा, दर वेळी. बर्फाने तो बुजला की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी झोप येते. पाकिस्तानातल्या मरी इथे ७ आणि ८ जानेवारी २०२२ च्या रात्री बर्फ बघायला गेलेल्या लोकांच्या गाड्या रस्त्यातच गाडल्या गेल्या. २० हून अधिक माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. बरीचशी गाडीच्या आतच सापडली.

तासाला दहा मिनिटं इंजिन पुरे. तेवढा वेळ, वारा ज्या बाजूने येतोय तिच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. बाकी वेळ पांघरुणात एकमेकांजवळ बसा, हातपाय हलवत राहा, सगळ्यांनी एकदम झोपू नका. फावडं मारताना घाम येईल इतकं जोरात नको: ओले कपडे थंडी वाढवतात, आणि थंडीत असे कष्ट हृदयावर ताण आणतात.

## टप्पा ११: परतीचा प्रवास हा नवा प्रवास

पोहोचल्यावर गाडी उभी करतानाच परतीचा विचार करा. तोंड बाहेरच्या दिशेला, शक्य तर सपाटावर, उताराच्या तळाशी नाही. वायपर काचेपासून उचलून ठेवा म्हणजे चिकटणार नाहीत. ओल्या बर्फातून आला असाल आणि गाडीला केबलचा हातब्रेक असेल तर तो गोठू शकतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये किंवा 'पी'वर ठेवून चाकाला ठोकळा लावा.

मग निघायच्या तासभर आधी टप्पा २ पासून पुन्हा सुरू करा. सकाळचा कागद फेकून द्या. तापमान, वारा, उजेड, तुमचा थकवा, चारही बदललेले असतात. मुक्काम करता येईल अशी जागा इथे आहे का, हे सकाळी निघतानाच विचारून ठेवलेलं असेल तर या वेळी 'नाही' म्हणायला एक फोन पुरतो.